सोबत्यांचाही हक्क

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली हा दिवस ठरवला. दरवर्षी या दिवशी साधनांचे वाटप होते, सत्कार होतात, छायाचित्रे निघतात. पण चौदा-पंधरा वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींना ज्याची सर्वाधिक गरज असते, ते वाटपाच्या यादीत कधीच नसते. त्यांना हवे असतात बरोबरीचे सोबती.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात ही उणीव अधिक जाणवते. जुने सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, वाड्या दूरदूर विखुरलेल्या. एका वाडीत समवयस्क मुले ती किती असणार? तीही पुढच्या शिक्षणासाठी रामनगरला किंवा जोयड्याला निघून गेली, की बौद्धिक दिव्यांग मूल वडीलधाऱ्यांतच वाढते.

घरच्यांना त्यात सुरक्षितता वाटते. ‘कुणी फसवेल, वाईट संगत लागेल’ ही त्यांची भीती खोटी नाही. शंका असली की ‘हो’ म्हणून मोकळे होण्याकडे अशा व्यक्तींचा कल असतो, हे अमेरिकेत कॅरोल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ सालीच दाखवले. अशा मुलाला कुणीही बिडी ओढायला लावावी. मुलीच्या बाबतीत धोका त्याहून मोठा. पण घरात कोंडून ‘नाही’ म्हणणे शिकवता येत नाही. खेळात डाव नाकारला जातो, रुसवेफुगवे होतात, पुन्हा गट्टी जमते, तेव्हा ते अंगवळणी पडते. ज्याला एकही मित्र नाही, तो पहिल्याच गोड बोलणाऱ्याच्या मागे जातो.

संगतीचा गुण चांगलाही लागतो. स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टोफ म्युलर यांच्या गटाने विशेष शाळांतील वर्गसोबत्यांच्या प्रभावाचाच अभ्यास हाती घेतला. शेजारी कोण बसते, हे म्हणूनच योगायोगावर सोडू नये. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या ‘युनिफाइड स्पोर्ट्स’मध्ये दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात. त्यासाठी मोठे स्टेडियम लागत नाही. गावच्या शाळेचे कबड्डीचे मैदान पुरते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. समग्र शिक्षा योजनेत गंभीर दिव्यांगत्व असलेल्यांसाठी घरी शिकवण्याचीही सोय आहे. घरी येणारे शिक्षक अक्षरे शिकवतील, मित्र होऊ शकणार नाहीत. तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक दिवस तरी शाळेत आणण्याची वाहनासह सोय करावी. शिक्षकांनी त्याच्यासाठी दोन-तीन वर्गसोबती ठरवून द्यावेत आणि तो गट वर्षभर मोडू नये. कुणी काही सांगितले तर नकार कसा द्यायचा आणि कुणाला सांगायचे, हे त्या सगळ्यांना एकत्र शिकवावे. पुढच्या ३ डिसेंबरला शिक्षण खात्याने एवढाच हिशेब मांडावा: तालुक्यातल्या किती मुलांना नावाने हाक मारणारा सोबती मिळाला?