ज्याला विंचू चावला, त्याला विचारा

पेण आणि रोहा तालुक्यांत मी एकतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. वीटभट्टीवरची एक कातकरी बाई एकदा रात्री अकराला आली. विटा उचलताना लाल विंचू चावलेला. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार पडलेले. चावून पाच तास झाले होते. केसपेपरवर आम्ही नाडी लिहिली, बीपी लिहिलं. ते पाच तास कुठे गेले, याला रकानाच नव्हता. सकाळी जरा बरं वाटल्यावर तिनेच सांगितलं. आधी भगत, मग उचल घेतलेली म्हणून मुकादमाची परवानगी, मग गाडीची शोधाशोध.

आपल्याच रायगडात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून अभ्यास केला. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या रुग्णांना वाचवतं, हे त्यांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे 2011 मध्ये त्यांचा आणखी एक अभ्यास ‘बीएमजे’त आला. त्यात 70 रुग्ण होते. प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8. हातावर पोट असलेल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रोज बुडत नाही, एवढं त्याला पुरतं.

विंचूदंशावरचा हा उपचार देशोदेशी पोचला तो महाडच्या खाटांवर झोपलेल्या माणसांमुळे. पण औषध द्यायच्या आधीचे पाच तास अजून तसेच आहेत, आणि त्यांचा जाणकार डॉक्टर नाही, नर्सही नाही. ती भट्टीवरची बाई आहे. अभ्यासाचा प्रश्न ठरतो तेव्हा तिला बोलवायला हवं. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार नैतिकता समितीत एक तरी सर्वसामान्य व्यक्ती लागते. आपल्याकडच्या अभ्यासासाठी ती व्यक्ती वाडीवरची का नसावी?

एका पाहणीत संमतीपत्रांवर अंगठे मीच घेतले होते. शाईचं पॅड माझ्या हातात, आणि एका आजीचा भेगाळलेला अंगठा. तिने विचारलं, “बाई, यातून काय निघालं ते सांगाल ना?” मी हो म्हणाले. त्या पाहणीचा निकाल आमच्यापर्यंत कधी आलाच नाही. आजी गेली. तिला दिलेला शब्द मला अजून टोचतो.

म्हणून संशोधकांना माझं सांगणं आहे. रोह्याला, पेणला या, जरूर या. पण प्रश्नावली छापण्याआधी वाडीवर एक संध्याकाळ बसा आणि काम संपलं की निकाल त्याच वाडीवर मराठीत वाचून दाखवा. आणि वाचकहो, तुमच्यापुढे कुणी संमतीपत्र धरलं तर सही करण्याआधी एवढं विचारा: निकाल सांगायला कधी येणार?