परिचर्येचे प्रश्न आपले असावेत

महर्षी कर्वे यांनी १८९६ साली स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम पुढे हिंगण्याच्या माळावर रुजला. आज त्याच कर्वेनगरात त्यांची संस्था परिचारिकाही घडवीत आहे. १९४७च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. आता संशोधनाचे राष्ट्रीय अग्रक्रमही निश्चित व्हावयास हवेत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने भारतात पाऊल न ठेवता येथील सैन्याच्या आरोग्याचा अभ्यास केला. आपल्या परिचारिका तर अहोरात्र रुग्णाच्या उशाशी असतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरची शुश्रूषा, खेड्यातील बाळंतिणीची काळजी, रात्रपाळीचा भार हे विषय त्यांनीच मांडावेत; शासनाने त्यासाठी निधी आणि रुग्णालयांनी सवड द्यावी. सेवाव्रताला अभ्यासाची जोड मिळणे हेच राष्ट्रकार्य होय.