बॉयलर नाही हो, रिॲक्टर!

23 मे 2024, गुरुवार. डोंबिवली एमआयडीसी फेज 2 मध्ये स्फोट झाला आणि आमच्या कोपरच्या स्लो लोकलमध्ये जो तो एकच वाक्य बोलू लागला, ‘बॉयलर फुटला!’ आठ वर्षांपूर्वीही, 26 मे 2016ला, प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये 12 जण गेले, तेव्हा सुरुवातीला हेच ऐकलं होतं. (तोही गुरुवारच.) पुढे चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइड या रसायनाचं नाव आलं. 2024च्या वेळीसुद्धा बॉयलर मागे पडला आणि रिॲक्टर, पेरॉक्साइड हे शब्द पुढे आले.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? बॉस, सगळा फरक तिथेच आहे. बॉयलरला उष्णता बाहेरून मिळते. खालची आग बंद केली की तो निवतो. रिॲक्टरची उष्णता आतूनच येते. तिथे बंद करायला बटण नाही.

आज ऑफिसमधून घरी गेलात की साध्या पाण्यात इनो टाका. फसफसून झालं की पाणी जरासं गार लागेल. फ्रिज नाही, बर्फ नाही, तरी गार! सोडा आणि सायट्रिक ॲसिडची ही जोडी पाण्यातलीच उष्णता शोषून घेते. आता याच्या उलट चुनकळी. तिच्यावर पाणी पडलं की ते चक्क उकळायला लागतं. (हा प्रयोग घरी नको, डोळे जातील.)

हिशेब तुमच्या सॅलरी अकाउंटसारखाच. रेणूंमधले जुने बंध तोडायला ऊर्जा लागते, तो खर्च. नवे बंध जुळले की ऊर्जा सुटते, ती जमा. जमा जास्त असेल तर भांडं तापतं, खर्च जास्त असेल तर गार पडतं. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ हे आपण कॉलेजमध्ये घोकलेलं वाक्य तद्दन चुकीचं. पेरॉक्साइडचंच घ्या. त्यातल्या दोन ऑक्सिजनमधला बंध कच्चा, म्हणजे तोडायचा खर्च किरकोळ. नंतर जुळणारे बंध मात्र भक्कम, म्हणजे जमा भरभक्कम. म्हणून तर अशी कित्येक रसायनं थंडीत जपून ठेवावी लागतात.

आता भानगड बघा. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे 30 अंशांनी आठपट! वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पुन्हा वेग. रिॲक्टरभोवती थंड पाण्याचं जॅकेट असतं, आत ढवळणारा पंखा असतो. पण जॅकेटची ताकद अशी पटीपटीने वाढत नाही. त्यात भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठं केलं, तर आतला माल आठपट होतो आणि थंड होणारा पृष्ठभाग फक्त चौपट. लॅबमधल्या चंचुपात्रात शहाण्यासारखं वागणारं रसायन हजार लिटरच्या टाकीत म्हणूनच बिथरतं. अशा वेळी वीज गेली, पंखा थांबला, की हातात मिनिटं उरतात.

भोपाळला 1984 साली हेच झालं होतं. टाकीत पाणी शिरलं, क्रिया तापत गेली, आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तर कित्येक महिने बंदच होती.

दर स्फोटानंतर ‘कारखाने हलवा’ची घोषणा होते. होऊ दे. पण हलवलेला रिॲक्टर ज्या गावात जाईल, तिथेही माणसंच राहतात, आणि रसायनाचा स्वभाव पिनकोडनुसार बदलत नाही. मला त्याआधी दुसरंच काहीतरी हवंय. भोपाळनंतर, 1989 साली, केंद्राचे नियम आले. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त धोकादायक रसायनं बाळगणाऱ्या ठिकाणी अपघात झाला तर काय करायचं, याची माहिती आसपास राहणाऱ्यांना आधीच द्यायला हवी, असं त्यात लिहिलंय. दारं-खिडक्या बंद करून घरात बसायचं की बाहेर पळायचं? एमआयडीसीच्या भिंतीला लागून राहणाऱ्या तुमच्या एखाद्या कलीगला विचारून बघा.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय नक्की घ्या. फक्त पार्किंगच्या आधी. नंतर कोणी थांबत नाही.