सिस्टरच्या हाताला पुराव्याची जोड

केमो सुरू झाली की काही दिवसांत अनेकांना तोंड येतं. मऊ वरणभातही झोंबतो, पाणी गिळवत नाही, वजन उतरतं, पुढचा डोस लांबतो. फाइव्ह-एफयू हे औषध शिरेतून एकदम दिलं जातं, तेव्हा यावर साधा उपाय आहे. त्या वेळी अर्धा तास तोंडात बर्फाचे खडे घोळवायचे. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथवर औषध कमी पोहोचतं, आणि ते रक्तातून झटकन ओसरत असल्याने अर्धा तास पुरतो. हा उपाय चाचण्यांतून सिद्ध झाला आहे.

पण त्याच रुग्णाला ऑक्झॅलिप्लॅटिनही चालू असेल, तर तोच बर्फ जाचक ठरतो. त्या औषधानंतर गार पाण्याच्या घोटानेही घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना झिणझिण्या येतात. सलाईनशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला हा फरक ठाऊक असावा लागतो. शुश्रूषेला मायेइतकीच माहितीही लागते, ती अशा वेळी.

मुंबईत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या अनेकांना आता घराजवळ डे-केअरमध्ये केमो घेता येते. बाकीचे आजही लोकलच्या राखीव डब्यातून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. दोघेही संध्याकाळी घरी परततात आणि मळमळ रात्री सुरू होते. म्हणून खुर्चीवरच्या त्या चार-पाच तासांत सिस्टर काय शिकवते, याला मोल आहे. कुणी आल्याचा तुकडा सुचवते, कुणी मनगटावरचा बिंदू दाबायला, कुणी दीर्घ श्वसन. यातल्या कशाला किती आधार आहे, हे बहुतेक ठिकाणी कुणी तपासून ठेवत नाही. मग सिस्टरची बदली झाली की चांगली सवयही तिच्याबरोबर जाते. आणि त्याच मोकळ्या दारातून ‘कॅन्सर मुळापासून बरा’ म्हणणारे काढे आणि भस्मंही आत येतात. पुरावा मागितला, तर दोन्ही नुकसानं टळतील.

असा पुरावा गोळा करणं मुंबईला नवं नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून शहरातल्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना काही आठवडे प्रशिक्षण दिलं. त्यांनी पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. या अभ्यासाचे प्रमुख डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली निष्कर्ष मांडले : तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. याच संस्थेने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांत योगाचीही चाचणी घेतली. कोणत्या गटात कोण, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. योग पवित्र आहे म्हणून तपासायचा नाही, असं तिथे कुणी म्हटलं नाही. हीच वृत्ती शुश्रूषेत हवी.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी दरवर्षी किती तरी प्रबंध लिहिले जातात. बहुतेक मोजक्या रुग्णांवरचे असतात आणि कपाटात पडून राहतात. उपनगरांतल्या चार महाविद्यालयांनी मिळून एकच प्रश्न घ्यावा, तोच नमुना, तीच मोजणी, आणि नैतिकता समितीची मान्यता एकत्र घ्यावी. मळमळ शून्य ते दहा अशी रुग्णालाच विचारावी, केमोच्या रात्री आणि तिसऱ्या दिवशी. पायाचं मालीश तपासत असाल, तर दुसऱ्या गटाजवळही सिस्टरने तितकाच वेळ बसून बोलावं. नाहीतर गुण मालीशचा की सोबतीचा, हे कधीच कळणार नाही. निष्कर्ष उलट आला, तरी तो छापावा.

रुग्णालयांनीही एक करावं : या नोंदींसाठी सिस्टरच्या ड्युटीत वेळ राखावा आणि निबंधावर तिचं नाव घालावं. एका सिस्टरकडे डझनभर खुर्च्या सोपवायच्या आणि वर संशोधनाची अपेक्षा ठेवायची, हा अन्याय आहे. डॉक्टर डोस ठरवतात. तो डोस पेलवण्याचं काम सिस्टर करतात. त्या कामाची मोजदाद होईल, तेव्हाच त्याला बजेट मिळेल, माणसं मिळतील. आणि बोरिवलीच्या रुग्णाला मिळते तीच खात्रीची शुश्रूषा मुलुंडच्या रुग्णालाही मिळेल.