जुना नोड तसाच जोडू नका

वाईच्या घाटांवर कृष्णेचे पाणी चढू लागले की खाली सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागते. ऑगस्ट 2019 मध्ये तिथे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी 45 फुटांची. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी स्वतःला एकच विचारावे: बंद पडलेला सर्व्हर किती दिवसांनी परत येणार?

कॅसांड्रा या डेटाबेसमध्ये सगळे या दिवसांवर अवलंबून असते. तीन प्रती आणि दोनाचा कोरम असला की एक नोड गेला तरी काम अडत नाही, आणि म्हणूनच हयगय होते. गेलेल्या नोडसाठी बाकीचे नोड हिंट साठवतात, पण मूळ सेटिंगमध्ये तीनच तास. त्यापुढे रिपेअरशिवाय गत्यंतर नाही. दहा दिवस, म्हणजे 864000 सेकंद उलटले की मामलाच वेगळा.

खोडलेली नोंद कॅसांड्रा लगेच पुसत नाही, तिच्यावर टूमस्टोन ठेवते. त्याची ही दहा दिवसांची मुदत संपली की कॉम्पॅक्शनमध्ये तोही जातो. समजा, एका पतसंस्थेने खातेदाराचा जुना मोबाइल नंबर काढला, तेव्हा एक नोड पुरात होता. पंधरा दिवसांनी तो पुसून, वाळवून, जुन्याच डिस्कसह सुरू केला. नंबर खोडला होता हे सांगणारे आता क्लस्टरमध्ये कोणीच उरलेले नाही. पुढच्या रिपेअरला तो तिन्ही नोडांवर पसरतो आणि ओटीपी भलत्याच्या फोनवर जातो. डिस्क वाचली याचा आनंद इथे महागात पडतो.

अशा मशीनचा डेटा आणि कमिटलॉग रिकामे करा, ‘रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट’ला गेलेल्या नोडचा आयपी द्या आणि ते नव्याने भरू द्या. आधी रिमूव्हनोड, मग नवा नोड, हा द्राविडी प्राणायाम आम्हाला पटत नाही. क्लस्टर आधीच लंगडा असताना तोच डेटा दोनदा वाहतो. नव्या नोडचे नाव त्याच्याच सीड यादीत नको, कारण सीड नोड बूटस्ट्रॅप करत नाही. स्टेटसला ‘यूएन’ (अप, नॉर्मल) दिसले म्हणून उठू नका. भरताना प्रत्येक भाग एकाच प्रतीवरून येतो; रिपेअर चालवा, मगच घरी जा.

वीज येताच कॅसांड्रा आपोआप सुरू होईल अशी सोय बहुतेकांनी करून ठेवलेली असते. पूररेषेतल्या मशीनवर ती याच आठवड्यात काढून टाका.