व्हेनिसला जाताना पूल मोजा

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : ‘मे महिन्यात आम्ही सगळे इटलीला जाणार आहोत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. व्हेनिस त्यांना झेपेल का? की त्यांना मिलानच्या हॉटेलातच ठेवून आम्ही दिवसभरात जाऊन यावं?’ अशा अर्थाची पत्रं अधूनमधून येतच असतात, म्हणून या खेपेचा सगळा मजकूर व्हेनिसचाच.

ताई, सासूबाईंना जरूर न्या. एका दिवसात जाऊन यायचा बेत मात्र सोडा. मिलानहून वेगवान गाडीलाही अडीच तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास गाडीतच गेले. उरलेल्या वेळात तुमच्याबरोबर हजारो माणसं त्याच दोन चौकांत आणि त्याच एका पुलावर लोटणार. सहलकंपन्यांच्या ‘पंधरा दिवसांत दहा देश’ छापाच्या कार्यक्रमात व्हेनिसच्या वाट्याला तीन तास येतात. बोटीतून उतरा, चौकात फोटो काढा, काचेच्या कारखान्यात खरेदी करा, पुन्हा बोटीत चढा! याला व्हेनिस पाहिलं असं म्हणणं कठीण आहे. निदान एक रात्र राहा. संध्याकाळी दिवसभराची गर्दी परतीच्या गाड्या पकडते आणि मग गल्ल्यांतून पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

आता गुडघ्यांकडे वळू. व्हेनिस शंभरावर बेटांवर वसलेलं आहे आणि त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल आहेत. जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या : पंधरा-वीस चढायच्या, तितक्याच उतरायच्या. पुलाखालून होडी गेली पाहिजे, म्हणून ही कमान. शहरात मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. मोटारी आणि बसगाड्या पियात्साले रोमा या तळापर्यंत येतात आणि रेल्वे सांता लुचिया स्टेशनपर्यंत. त्यापुढे पाय किंवा बोट. म्हणून हॉटेल ठरवताना नाश्त्याची चौकशी नंतर करा. आधी तीन प्रश्न विचारा : सर्वांत जवळचा बोटीचा थांबा कोणता? त्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल? आणि इमारतीला लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं ही तिथे नवलाईची गोष्ट नाही. ‘एकही पूल नाही’ असं उत्तर आलं तर खोलीला थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. ते पैसे सामान ओढण्यात वाचतात. चाकांची मोठी बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते, तेव्हा दोन रात्रींपुरतं सामान लहान पिशवीत घ्या आणि मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा.

स्वस्त पडतं म्हणून पुष्कळजण पलीकडच्या मुख्य भूमीवर, मेस्त्रेला उतरतात. गाडीने दहा-बारा मिनिटांचं अंतर आहे, वाईट मुळीच नाही. पण म्हाताऱ्या माणसाला दुपारी तासभर पाठ टेकायची असते, आणि खोली मेस्त्रेला असली की ते जमत नाही.

तिथली बस म्हणजे वापोरेट्टो, प्रवासी बोट. स्टेशनाबाहेर पडलात की समोरच कालवा आणि बोटीचा थांबा. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून रमतगमत, जवळपास प्रत्येक थांबा घेत जाते. दोन्ही काठांचे वाडे बसल्या जागी पाहायला मिळतात. सासूबाईंसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. सान मार्को वाल्लारेस्सो या थांब्यावर उतरलं तर मुख्य चौकात पूल न चढता पोचता येतं. चौकातल्या उंच मनोऱ्याला लिफ्ट आहे, हेही सांगून ठेवते. (मूळ मनोरा १९०२ मध्ये कोसळला, आजचा १९१२ चा.) २०२५ मध्ये एकदाच्या प्रवासाचं, पंचाहत्तर मिनिटं चालणारं तिकीट साडेनऊ युरोंना होतं आणि चोवीस तासांचा पास पंचवीस युरोंना. तीनदा बोटीत चढणार असाल तर पासच घ्या, आणि चढण्यापूर्वी तो यंत्राला दाखवायला विसरू नका. खिशात तिकीट असूनही ते न दाखवल्याबद्दल दंड होतो.

गोंडोल्याचं काय? ‘द ग्रेट गॅम्बलर’ (१९७९) पाहिलेल्या पिढीला तो हवाच असतो! महापालिकेनं ठरवलेला दर दिवसा तीस मिनिटांना नव्वद युरो, संध्याकाळी सातनंतर एकशेदहा. हा दर होडीचा आहे, माणशी नाही, आणि एका होडीत पाचजण बसतात. गाणं त्यात धरलेलं नाही. एवढे पैसे नको वाटले तर ग्रँड कॅनॉल ओलांडणारा त्राघेत्तो पाहा. तीही गोंडोल्यासारखीच होडी, दोन युरोंत पैलतीर. मजा दोनच मिनिटांची, पण मुलं खूष होतात. चढता-उतरताना ती हलते, म्हणून गुडघेवाल्यांनी काठावरूनच हात हलवावा.

२०२४ पासून व्हेनिसने एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, फक्त दिवसापुरतं येणाऱ्या पाहुण्याला प्रवेशशुल्क पडतं. २०२५ मध्ये असे चोपन्न दिवस होते. आधी नोंदणी केली तर पाच युरो, आयत्या वेळी दहा. चौदा वर्षांखालच्या मुलांना ते नाही. महापालिकेच्या हद्दीत (त्यात मेस्त्रेही आलं) मुक्काम करणाऱ्यांनाही नाही, पण माफीची नोंदणी मात्र करावी लागते. आपल्या शाळांची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते, तेव्हा तारखा आधी तपासा.

हे शुल्क ऐकून कुणी नाक मुरडेल. पण व्हेनिसची बाजूही समजून घ्यायला हवी. १९५० च्या सुमारास या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या घरात वस्ती होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. राहती घरं पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, भाडी परवडेनाशी झाली. जे उरले आहेत त्यांना त्याच पुलांवरून भाजीची पिशवी न्यायची असते. तेव्हा पुलाच्या मध्यावर फोटोसाठी वाट अडवू नये, बोटीत पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी. पुलाच्या किंवा चर्चच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला तर दंड होऊ शकतो. मुख्य चौकात कबुतरांना दाणे टाकायला २००८ पासून बंदी आहे. कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत केवढं वादळ उठलं हे आठवत असेलच, तेव्हा हा नियम तरी नव्याने समजवायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ऑक्टोबर ते जानेवारी हे ‘आक्वा आल्ता’चे, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस. १९६६ च्या नोव्हेंबरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं, २०१९ च्या नोव्हेंबरात १८७ पर्यंत. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ‘मोझे’ नावाचे अठ्ठ्याहत्तर दरवाजे उभे राहू लागले आणि शहर पुष्कळ सुरक्षित झालं. परंतु साधारण एकशेदहा सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हाच ते उचलतात, आणि सान मार्कोचा चौक त्याच्या बराच आधी ओला होतो. पाणी काही तासांत ओसरतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. लवकर वाळणारे बूट न्या आणि लाकडी फळ्यांच्या उंच वाटेवर शांतपणे रांगेत चाला.

खाण्याचे हाल होत नाहीत. मासे खाणाऱ्यांची तर चंगळ. कांदा, व्हिनेगर आणि बेदाणे घातलेल्या मुरवलेल्या सार्डिन, ‘सार्दे इन साओर’, कोकणातल्या माणसाला नक्की रुचतील. शाकाहाऱ्यांनी ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ (मांस नको, मासे नकोत) हे शब्द पाठ करावेत. भाजीच्या सुपात किंवा रिसोत्तोत मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून विचारून घ्या. पारंपरिक पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी ते वगळावं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून प्यायली तर महाग. उपाहारगृहात टेबलाचे माणशी दोन-तीन युरो बिलात लागतात, ती फसवणूक नव्हे, रिवाज आहे. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यातल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं. सार्वजनिक स्वच्छतागृहांना पैसे पडतात, सुटी नाणी जवळ असू द्या.

रस्ता चुकणारच. घरांचे क्रमांक गल्लीवार नसून अख्ख्या विभागाचे असतात, त्यामुळे दारावर साडेतीन हजारांचा आकडा दिसला तरी गोंधळू नका. भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या वाचा : रिआल्तो, सान मार्को, आणि स्टेशनासाठी ‘फेर्रोविया’. भरकटलात तर एखाद्या लहान चौकात बाकावर टेका. मार्को पोलो याच शहरातला. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याच्या राज्याचा उल्लेख आहे : तिथलं कातडं, सुती कापड आणि समुद्रावरचे चाचे. नातवंडांना हे तिथे बसून सांगण्यात वेगळीच गंमत आहे.

काच घ्यायची तर मुरानो बेटावर वापोरेट्टोने स्वतः जा. १२९१ पासून काचेच्या भट्ट्या तिथे आहेत. फुकट बोटीचं आमंत्रण आलं तर ती बोट थेट दुकानाच्या दाराशी लागते, हे ध्यानात ठेवा. आणि घेतलेली वस्तू विमानात मोठ्या बॅगेत टाकू नका. दोन स्वेटरांत गुंडाळून हातातल्या पिशवीतच ठेवा.