दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

निरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील पणदरे परिसरात ऊस कारखान्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः ट्रॅक्टरच्या बळावर. ऐन गाळपात ट्रॅक्टर बंद पडला, तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि तोडणी कामगारांचा दिवस बुडतो. म्हणून डिझेल इंजिनाची दुरुस्ती हा केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे, तर अर्थकारणाचाही प्रश्न आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलच्या पहिल्या इंजिनात या फवाऱ्यासाठी दाबलेली हवा लागे. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधनपंपाचे घाऊक उत्पादन सुरू केले आणि हे इंजिन वाहनांत व शेतात पोचणे सुकर झाले.

जुन्या पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांत काही मायक्रॉनांचीच फट असते. डिझेलमधील पाणी आणि धूळ हे तिचे शत्रू. तरीही या यंत्रणेचा कारभार उघडा होता. फिल्टर बदलावा, नळीतील हवा काढावी, नोझल टेस्टरवर लावून ते किती दाबाला उघडते आणि थेंब गळतात काय, हे पाहावे. सुमारे २०० बार दाबाचे हे शास्त्र तालुक्याच्या मिस्त्रीने आत्मसात केले होते.

कॉमन रेलने हे चित्र पालटले. तेथे दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंधन केव्हा व किती सोडावे, हे संगणक ठरवतो. अनेक इंजिनांत नव्या इंजेक्टरचा संकेतांक त्या संगणकात नोंदवावा लागतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण-मानके लागू झाली आणि ही यंत्रणा बांधावर आली.

धूर घटला, हे स्वागतार्हच. तो अखेर श्रमिकांच्याच फुप्फुसांत जात होता. परंतु स्वच्छ हवेसाठी दुरुस्तीची मक्तेदारी अपरिहार्य आहे, हा युक्तिवाद मान्य होण्यासारखा नाही. संकेतांक ही तंत्रज्ञानाची गरज असेल; तो नोंदवण्याचे साधन कुलूपबंद ठेवणे हा मात्र मालकीचा निर्णय आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि शेतीची यंत्रेही तिच्या कक्षेत घेतली. पण समिती म्हणजे कायदा नव्हे. निदानाची साधने, माहितीपुस्तिका व सुटे भाग वाजवी दराने सर्व मिस्त्रींना मिळालेच पाहिजेत. सहकारी कारखान्यांनी सामायिक चाचणी-केंद्रे उभारावीत. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी झगडणाऱ्या चळवळीने आता ज्ञानाच्या वाटपाचा प्रश्नही हाती घेतला पाहिजे.